डोक्याचा फोटो

दार उघडलं आणि थेट तिच्या कपाळावर बसलं.

आवाज एवढा मोठा झाला, की बाहेरच्या बाकावर पेंगणारे दोन म्हातारे दचकून ताठ बसले. ती मात्र उभीच राहिली — एक हात कपाळाला, दुसऱ्या हातात केसपेपरांचा गठ्ठा, आणि भर सकाळी डोळ्यांपुढे काजवे!

“अरे बापरे... लागलं?”

“छे! हौस म्हणून धरलंय कपाळ.”

दाराआडून बाहेर आलेला माणूस उंच, सडपातळ आणि निळ्या कपड्यांतला होता. स्कॅनच्या मशीनवर तीन आठवड्यांपूर्वी नवा तंत्रज्ञ आलाय, एवढं तिच्या कानावर होतं. खाली अपघात विभागात पेशंटला सांगायची पद्धतच होती — ‘वर जाऊन डोक्याचा फोटो काढून या.’ म्हणून पेशंट त्याला फोटोवाला म्हणायला लागले, आणि त्यांचं ऐकून सगळं हॉस्पिटल. ती स्वतः अपघात विभागातली सगळ्यांत तरुण डॉक्टर. समोर सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत आणि पाठ वळली की भिंगरी. एका जागी ती कोणाला कधी दिसली असेल तर शपथ!

त्यानं तिला बाकावर बसवलं, टॉवेलात गुंडाळून बर्फाची पिशवी आणली, आणि समोर उकिडवं बसून विचारलं, “चक्कर?”

“नाही.”

“मळमळ?”

“नाही. हे प्रश्न दिवसभर मी लोकांना विचारते हो.”

“मग आज उत्तरं द्या. दार लागायच्या आधी कुठं निघाला होतात, आठवतंय?”

“स्कॅनच्या खोलीतल्या नव्या माणसाशी भांडायला. रिपोर्ट उशिरा येतात म्हणून. चांगलं आठवतंय!”

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर. तिनं उगाचच पिशवी कपाळावरून थोडी खाली ओढली.

“स्मरणशक्ती शाबूत आहे,” तो म्हणाला. “तरी फोटो काढू या का डोक्याचा?”

“कशाला? शुद्ध गेली नाही, उलटी नाही, सगळं आठवतंय. एक टेंगूळ तेवढं आलंय. त्यासाठी उगाच डोक्यात किरणं कशाला घ्यायची?”

“अस्सं...” तो उठून उभा राहिला. “कालपासून खालून नऊ टेंगळं आलीत माझ्याकडे. सगळी तुमच्यापेक्षा लहान. त्यांनी काय तुमचं घोडं मारलं होतं?”

ती चमकली. मग नाकाच्या शेंड्यावर नेहमी तयार असलेला राग आला. “फोटो काढायचं काम तुमचं. कोणाचा काढायचा ते आम्ही ठरवतो.”

“ठरवता कुठं?” तो अगदी शांतपणे म्हणाला. “सगळ्यांचाच काढता. म्हणजे ठरवलंच नाही ना...”

ती ताडताड जिना उतरली. टेंगूळ दोन दिवसांत बसलं. ते वाक्य मात्र बसेना. बोटात कुसळ राहावं तसं राहिलं — दिसत नाही, पण हात लावला की टोचतं.

कारण ते खरं होतं.

विभागाचे प्रमुख — मोठे साहेब — माणूस लाखात एक. पण नऊ वर्षांपूर्वी सायकलवरून पडलेल्या एका तरुणाला त्यांनी ‘काही नाही, आराम कर’ म्हणून घरी पाठवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो स्ट्रेचरवरून परत आला. वाचला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साहेब तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पीत. डोक्याला हात लावून जो आत येईल, त्याचा स्कॅन. कपाटाचा कोपरा लागो, चेंडू लागो, नाहीतर शेजारणीची उशी लागो. विचारायची सोयच नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिनंही कधी विचारलं नव्हतं. कागदावर ‘स्कॅन’ लिहिलं की जबाबदारी जिना चढून वर जाते... किती सोपं!

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला फुलांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना घेऊन त्यांचा नवरा धावत आला. बाईंचं तोंड वाकडं झालेलं, शब्द जड. मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याची लक्षणं. अशा वेळी मिनिटामिनिटाला किंमत असते. पण आधी स्कॅन, मग औषध. तिनं स्वतः स्ट्रेचर ढकलत लिफ्टनं वर नेलं. आत टेबलावर एक जाडजूड पोरगा आडवा होता. त्याच्या डोक्यावर माळ्यावरची बॅग पडली होती. त्याच्या आधीच्या आजोबांना अजून चाकाच्या खुर्चीत बसवणं चाललं होतं, आणि दारात आणखी दोन टेंगळं उभी. फोटोवाल्यानं तिचा चेहरा पाहिला आणि एका शब्दानं न विचारता टेबल रिकामं करायला धावला. तरीही चौदा मिनिटं गेली. चौदा मिनिटं तो नवरा बायकोच्या चपला हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

बाई वाचल्या, बोलायलाही लागल्या. पण उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटेनात. गुच्छ बांधणारी बोटं.

चौदा मिनिटांनीच ती बोटं गेली, असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. नाही गेली, असंही सांगू शकलं नसतं.

हे कळलं त्या दुपारी ती वर गेली. तो मशीनसमोर बसला होता. ‘मी म्हणालो होतो ना’ हे वाक्य त्याच्या जिभेवर असणारच. पण त्यानं ते गिळलं, आणि नेमकं तेच तिला आवडलं.

“टोमणा मारा की,” ती म्हणाली.

“आज नाही.”

“मला तुमचं रजिस्टर हवंय. मागच्या तीन महिन्यांचं. डोक्याला लागलेला एकूण एक माणूस मला मोजायचाय.”

त्यानं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. आणि मग कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी आणली.

तिथून त्यांच्या संध्याकाळी सुरू झाल्या. ड्यूटी संपली की चार ते सहा, जुन्या कागदांच्या खोलीत. पत्र्याचं छप्पर, लोखंडी टेबल, धुळीचा वास, आणि पावसाचे दिवस असल्यामुळे वर सतत ताशा वाजल्यासारखा आवाज. रस्ते निसरडे, त्यामुळे रोज नवी डोकी येत. तो रजिस्टरमधलं नाव वाचायचा, ती केसपेपर शोधायची आणि लिहून घ्यायची. शुद्ध हरपली होती का? उलटी किती वेळा? गोंधळलेला होता का? वय काय? उंचावरून पडला की गाडीनं उडवला? कानातून रक्त? रक्त पातळ करायची गोळी चालू?

जगात ठिकठिकाणी मोठमोठे अभ्यास होऊन असे नियम कधीच बांधले गेले होते. तिनं ते वाचलेही होते. पण साहेबांपुढे परक्या लोकांचे आकडे चालणार नव्हते. आपल्या दारातून आत आलेली माणसं दाखवायला हवी होती.

“हा ‘त’ आहे?” एकदा त्यानं तिच्या वहीत डोकावून विचारलं. “मला वाटलं कोंबडी चालून गेली.”

“डॉक्टरांचं अक्षर आहे ते.”

“कोंबडीचं निदान वाचता येतं.”

“मग तुम्हीच लिहा ना! मोठे आलेत मोत्याच्या अक्षराचे.”

आणि खरंच, त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. ती बघत राहिली — अक्षराकडे, मग पेन धरलेल्या लांब बोटांकडे, मग... “काय झालं?” त्यानं मान वर न करता विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली, “पत्रा गळतोय का बघत होते.” पत्रा कुठंच गळत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मोजणी संपली. चारशे अठरा माणसं. सगळी शुद्धीवर, बोलत आलेली. त्यांतल्या सतरा जणांच्या डोक्यात खरंच काही सापडलं होतं — कुठं रक्तस्राव, कुठं कवटीला तडा. आणि सतरांपैकी सोळा जणांच्या कागदावर आधीच काही ना काही धोक्याची खूण लिहिलेली होती.

सतरावा एक रंगारी होता. वय एकतीस. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून घसरलेला. शुद्धीवर, सगळं आठवतंय, उलटी नाही. आणि स्कॅनमध्ये रक्त.

तिनं पेन खाली ठेवलं. “संपलं. आपल्या ह्या खुणांच्या यादीनं गेलो असतो, तर ह्याला मी घरी पाठवला असता. साहेबच बरोबर आहेत.”

“एकावरून?”

“एक म्हणजे एक अख्खा माणूस असतो.”

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. दुपारी तीनला तो जिन्यात तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवरही धूळ होती — जणू पिठाच्या पोत्यातून निघाला होता. सकाळपासून तो तळघरात रुग्णवाहिकेच्या जुन्या चिठ्ठ्या चाळत बसला होता. हातात एक चुरगळलेला गुलाबी कागद.

“वाचा.”

रुग्णवाहिकेतल्या नर्सनं घाईघाईत लिहिलं होतं — रंगारी, एकतीस, वाटेत दोनदा उलटी.

केसपेपरवर ते उतरवायचं कोणीतरी विसरलं होतं. खूण होती. सतराव्यालाही होती!

“सापडला!” ती ओरडली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले. वरून एक आया बादली घेऊन उतरत होती, ती आदबीनं कडेकडेनं गेली. तरीही दोघांना हात सोडायचं सुचलं नाही. मग सुचलं, आणि एकदम सोडल्यामुळे गुलाबी कागद जिन्यावरून तरंगत तरंगत खाली गेला. तो पकडायला दोघंही धावले.

साहेबांनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आणि अठरावा?” त्यांनी विचारलं. “जो अजून आलेला नाही, तो?”

तिला हाच प्रश्न येणार हे माहीत होतं. “सर, स्कॅन नाही म्हणजे ‘चला, निघा’ असं नाही. खूण नसेल तर चार तास आपल्या नजरेसमोर. दर अर्ध्या तासाला तपासायचं. काही बदललं तर ताबडतोब वर. नाही बदललं तर घरी, पण सोबत कोणीतरी हवं, आणि परत कधी यायचं ते कागदावर लिहून. आणि लहान मुलांसाठी यादी वेगळी. नऊ वर्षांपूर्वी...” तिनं एक जुना केसपेपर टेबलावर ठेवला. “त्या मुलाच्या कागदात लिहिलंय सर, त्याला अपघात आठवत नव्हता, आणि त्यानं दोनदा उलटी केली होती. मी तो कागद शोधून वाचला. ही यादी असती तर त्याचा स्कॅन झाला असता.”

साहेबांनी यादीवरून एकदा बोट फिरवलं.

“घरी पाठवायच्या कागदावर सही कोणाची?”

“माझी.”

“एक महिना,” ते म्हणाले. “एकच.”

सही करणं म्हणजे काय, ते तिला चौथ्या दिवशी कळलं. झोपाळ्यावरून पडलेली सहा वर्षांची मुलगी आली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, बाकी तोंडाची टकळी चालू. यादीतलं काहीच नव्हतं. पण तिच्या वडिलांचा पारा चढलेला.

“माझ्या मुलीच्या डोक्याला लागलंय, आणि तुम्ही तिला बिस्किट देताय? मशीन आहे ना तुमच्याकडे? मग?”

“आहे. आणि गरज लागली तर दोन मिनिटांत तिला वर नेईन. पण वाढत्या मेंदूला किरणं जितकी कमी तितकी बरी. तुम्ही माझ्यासमोर बसा. ती काय करते ते आपण दोघं मिळून बघू.”

“आणि काही झालं तर?”

“म्हणूनच मी इथून हलणार नाही.”

भिंगरी खरंच हलली नाही. विभागातल्या मोठ्या सिस्टर तर घड्याळाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. दीड तासानं फोटोवाला खाली आला. “माझी खोली रिकामी आहे. कोणी पाठवतच नाही. म्हटलं बघावं, कोणाच्या कृपेनं!” तो मुलीसमोर बसला, आणि दोघांनी चित्र काढायची पैज लावली. त्यानं काढलेला हत्ती बघून मुलगी म्हणाली, “हा तर डुक्कर आहे!” वडिलांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू फुटलं. चार तासांनी ती त्यांचं बोट धरून उड्या मारत गेली.

ती मात्र त्या रात्री जागीच राहिली. सकाळी आठच्या ठोक्याला तिनं त्या घरी फोन लावला. “शाळेत गेलीसुद्धा!” तिकडून वडील म्हणाले, आणि थोडं थांबून, “मॅडम, काल जरा जास्तच बोललो...” फोन ठेवला आणि मगच तिचा जीव भांड्यात पडला. मागं वळली तर फोटोवाला दारात, हातात चहाचे दोन कप.

“तुम्ही पण जागे होतात काल?” तिनं विचारलं.

“नाही बुवा, मस्त झोपलो,” तो म्हणाला. डोळे लाललाल झालेले. खोटं बोलायचं अंग नव्हतंच त्याला.

विसाव्या दिवशी दुपारी बाराला एक सत्तरीचे गृहस्थ हसत हसत आत आले. मागं फोटोवाला, पण हसत नव्हता.

“हे माझे बाबा. स्टुलावर चढून पडदा लावत होते.”

“पडदा लागला, मी पडलो,” बाबा म्हणाले. चाळीस वर्षं टेलरकाम केलेला माणूस, गळ्यात टेप अजून तशीच लोंबत होती. कानामागं बोराएवढं टेंगूळ. वार, तारीख, सुनेची वाट बघतोय हेसुद्धा त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

“ठणठणीत आहेत,” फोटोवाला घाईनं म्हणाला. “मी सहज दाखवायला आणलं. घरी नेतो, लक्ष ठेवतो. मी आहेच ना.”

ती बाबांच्या शर्टाच्या उघड्या बटणाकडे बघत होती. छातीवर मधोमध शस्त्रक्रियेचा जुना व्रण होता.

“काका, हृदयाचं ऑपरेशन झालंय?”

“झडप बदललीय. सहा वर्षं झाली.”

“रक्त पातळ करायची गोळी?”

“रोज. एक दिवस चुकवत नाही.”

तिनं फोटोवाल्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. ज्यानं ती यादी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिली होती, त्याला ती ठाऊक नव्हती असं थोडंच होतं! पण बापाच्या बाबतीत माणसाला ‘काही नाही’ एवढंच ऐकायचं असतं.

“स्कॅन करायचा,” ती म्हणाली.

“अहो पण ते बघा ना कसे बोलतायत... काहीच त्रास नाही त्यांना. आपणच म्हणतो ना, उगाच नको...”

“उगाच नको. हे उगाच नाहीये. वय सत्तर, आणि गोळी.” मग तिचा आवाज मऊ झाला, आणि तोंडून आपसूक निघून गेलं, “तू घाबरलायस. मी आहे. चल.”

तो ‘तू’ दोघांनाही ऐकू गेला.

दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलवू का, असं तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. बाबांना स्वतः टेबलावर झोपवलं, डोक्याखाली उशी सारखी केली, गळ्यातली टेप काढून आपल्या खिशात ठेवली. मग काचेमागं येऊन बसला. ती त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. पडद्यावर एकेक चित्र उमटत गेलं, करडं, करडं, करडं... आणि मग कवटीच्या आतल्या कडेला एक पांढरी रेघ. नखाच्या कोरीएवढी.

हजारो डोकी पाहिलेल्या त्या माणसाला ती काय आहे हे सांगावं लागलं नाही. त्याचा हात माऊसवरून खाली घसरला. तिनं एका हातानं तो हात घट्ट धरला, आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला.

पुढची दहा मिनिटं तिनं जे केलं ते विभागातले लोक अजून सांगतात. एकही शब्द वर नाही, एकही पाऊल वाया नाही. गोळीचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन, मेंदूच्या सर्जनांना निरोप, अतिदक्षता विभागात बेड, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं. संध्याकाळी सहाला पुन्हा स्कॅन करायचा. रेघ वाढली तर ऑपरेशन.

बाबांना तिनं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “म्हणजे माझ्या डोक्यात काहीतरी आहे म्हणता? आमची ही तर जन्मभर म्हणायची, काही नाही म्हणून!”

सहा वाजता पडद्यासमोर तिघं होते. साहेबही येऊन उभे राहिले होते. रेघ होती तेवढीच होती. केसभरही वाढली नव्हती.

फोटोवाल्यानं खुर्ची मागं सरकवली, उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साहेबांनी चष्मा काढला. ह्या खेपेला तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

“घरी गेले असते तर...” तो भिंतीलाच म्हणाला. “रात्रीतून वाढत गेलं असतं. मी नेत होतो. मी!”

“नेत होतास. पण आणलंसही तूच,” ती म्हणाली.

अकराव्या दिवशी बाबा आपल्या पायांनी घरी गेले. जाताना वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ थांबून सांगत होते, “त्या माझ्या छोट्या डॉक्टरीणबाई आहेत ना, सगळ्यांना फोटो नको म्हणतात. मला एकट्याला म्हणाल्या, काढा! माणूस ओळखतात.”

महिना संपला, आणि साहेबांनी आणखी दोन महिने दिले. तीन महिन्यांच्या शेवटी हॉस्पिटलच्या मोठ्या सभागृहात बैठक ठरली. आजूबाजूच्या सहा हॉस्पिटलांतले डॉक्टर यायचे होते. साहेबांनी तिला निरोप पाठवला — तू बोलायचं. आणि घरच्यांना घेऊन ये.

घरचं म्हणजे आई. ती शेवटच्या रांगेत बसली. तिच्या शेजारची खुर्ची एका उंच माणसानं पकडली. पुढचा किस्सा आईनंच नंतर दहा वेळा रंगवून सांगितला.

“ती माझी मुलगी,” आई कुजबुजली.

“माहितीय,” तो म्हणाला.

“तुम्ही?”

“मी... इथं फोटो काढतो.”

“मग बसलात काय? काढा की! ती उभी राहिलीय बघा!”

त्या बिचाऱ्यानं मुकाट खिशातून मोबाइल काढला. आई शेजारून हुकूम सोडत होती, “अजून एक. जरा उजवीकडून. तिची मान कशी ताठ आहे ते आलं पाहिजे.”

मान खरंच ताठ होती. ती बोलत होती — स्कॅन निम्म्याहून कमी झाले, घरी पाठवलेल्यांपैकी एकालाही धोका झाला नाही, आणि तातडीच्या पेशंटला आता टेबल रिकामं मिळतं. “ही मोजणी माझ्या एकटीची नाही,” ती म्हणाली, आणि शेवटच्या रांगेकडे तिनं थेट बोट दाखवलं. “स्कॅनच्या खोलीतल्या माणसानं विचारलं, की तुम्ही ठरवता कुठं? त्यानं विचारलं नसतं, तर मी आजही नुसतं लिहीत बसले असते.” शे-दीडशे माना मागं वळल्या. मोबाइल धरलेला हात तसाच हवेत राहिला.

मग साहेब उठले. ते कधी कोणाचं तोंडावर कौतुक करत नसत. “नऊ वर्षं मी भीतीनं निर्णय घेतले,” ते म्हणाले. “भीतीला मी काळजी म्हणत होतो. ह्या मुलीनं मला फरक शिकवला. उद्यापासून ही यादी आपल्या विभागाचा नियम. आणि मी हिचा वरिष्ठ आहे, हे मी आता लोकांना आपणहून सांगणार आहे.”

टाळ्या थांबेनात. आईनं पदर डोळ्यांना लावला, आणि शेजारच्या फोटोग्राफरला आपला जादा रुमाल दिला. कारण त्याचेही डोळे भरले होते, आणि फोटोग्राफर असा का रडतो हे तिला काही केल्या कळेना.

गर्दी ओसरल्यावर तो तिला मागच्या जिन्यात भेटला. खाली पोर्चमध्ये आई रिक्षा थांबवून उभी होती. खिडकीतून ओला वारा येत होता, आणि तिच्या हातातले कागद फडफडत होते.

“सगळ्यांसमोर बोट दाखवायची काय गरज होती?” तो म्हणाला.

“होती.”

“हं...” तो कठड्याला टेकला, परत सरळ झाला. “मी एक सांगू? तू बोलत होतीस तेव्हा मला इतका... इतका अभिमान वाटत होता, की शेजारच्या बाईंना हलवून सांगावं, बघा, बघा ही! तर त्याच आधी म्हणाल्या, ती माझी मुलगी. त्यांना तसं म्हणता येतं. बाबा वॉर्डभर सांगत सुटले, माझी डॉक्टरीण. साहेब म्हणाले, मी हिचा वरिष्ठ. सगळ्यांना काही ना काही म्हणता येतं. मला काय म्हणता येतं? आमच्या हॉस्पिटलात असतात त्या?”

“मग काय म्हणायचंय?”

“माझी...” तो थांबला. “नुसतं ‘माझी’ म्हणायचंय. आणि तुझा म्हणवून घ्यायचंय. तुला चालणार असेल तर...”

वारा जरा जोरात आला. तिनं कागद एका हातात घेतले, आणि मोकळा हात पुढं केला.

“चालेल काय...” ती म्हणाली. “मला केव्हाचंच म्हणायचं होतं. मला वाटलं, तू आधी म्हणशील. तू तर नुसता चहा आणत बसलास!”

तो हसला. आधी डोळ्यांत, मग ओठांवर. आणि ह्या खेपेला तिनं नजर कुठंही वळवली नाही.

“अगं, येतेस ना?” खालून आईची हाक आली. “रिक्षावाले खोळंबलेत!”

“आलो!” तिनं वरून उत्तर दिलं.

आई क्षणभर थबकली. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेली बाई ती. एकवचन आणि अनेकवचन तिला दुसऱ्यानं समजावून द्यावं लागत नाही. तिनं जिन्याकडे पाहिलं, मग रिक्षात चढून एका कडेला सरकून बसली, आणि शेजारी दोघांपुरती जागा केली.